प्रवेशाचे पेढे वाटले, पुढची तीन वर्षं कोण बघणार?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

दर वेळी आपण बचत, कर्ज, हप्ता, दप्तर यावर बोलतो. आज बोलायचंय ते आपल्या घरातून कॉलेजला जाणाऱ्या मुलींबद्दल. मुलांबद्दलही बोलू, कारण तीही गळतात, पण त्यांची गळती वेगळी असते. आधी मुलींचं घेऊ.

बारावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात. जुलैत प्रवेश होतो. नवी सॅक येते, एसटीचा पास निघतो, मामा ड्रेस घेऊन देतो. सगळ्या गावाला माहीत असतं की अमक्याची पोरगी कॉलेजला गेली. पण तीच पोरगी जानेवारीत कॉलेजला जायची थांबते, तेव्हा कुणाला कळतही नाही. त्याचं ना बोलावणं, ना निरोप. कुणी विचारलंच तर आई म्हणते, ‘सध्या घरीच असते.’ एवढ्या एका वाक्यात बारा-तेरा वर्षांचं शिक्षण गुंडाळून ठेवलं जातं.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या गावांमधून गटांच्या बैठका घेत फिरतो. ‘सध्या घरीच असते’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलंय. म्हणून आज यावर बोलायचं ठरवलं.

एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. मुली कॉलेजला जात नाहीत, हे आता खरं राहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीत देशभरात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते, आणि त्यात सुमारे २ कोटी ७ लाख मुली होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या. आपल्या आयांनी आपल्याला दारापर्यंत पोचवलं, आपण आपल्या लेकींना दाराच्या आत पोचवलं. आता प्रश्न आहे तो आत टिकण्याचा. पेरणी झाली म्हणजे पीक घरात आलं, असं आपण शेतात कधी म्हणतो का? खुरपणी असते, पाणी असतं, राखण असते. मग कॉलेजच्या बाबतीतच प्रवेश झाला की आपण हात झटकून मोकळे का होतो?

मुलगी एका दिवसात कॉलेज सोडत नाही

कॉलेज सुटतं ते हळूहळू. एक कारण दुसऱ्या कारणाला हाक मारतं. कसं ते सांगतो.

आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता जायलाच लागतो. आई-वडील सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात. घरी म्हातारी आजी आणि शाळेत जाणारी लहान भावंडं. आता बघा, कॉलेजला जाणारी थोरली मुलगी एका रात्रीत घरची कर्ती बाई होते. सकाळी पाणी, भाकरी, भावांचे डबे, आजीचं औषध. गाडी साडेसातला. आठवड्यातून दोनदा ती चुकते. मग तीनदा चुकते. बहुतेक विद्यापीठांत हजेरीची ७५ टक्के अट असते. हजेरी कमी पडली की अंतर्गत गुण कमी होतात. प्रात्यक्षिक बुडलं की ते पुन्हा मिळायला मिनतवारी करावी लागते. तेवढ्यात पहिल्या सत्राची परीक्षा येते.

एका गावात असंच झालं. मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. आई-वडील कोयत्यावर गेलेले. कॉलेजच्या फळ्यावर कमी हजेरीच्या मुलांची यादी लागली, त्यात तिचं नाव आलं. तिनं ते वाचलं आणि घरी आली. तिला वाटलं, आपल्याला आता परीक्षेला बसूच देणार नाहीत. विचारायचं कुणाला? सरांची भीती वाटत होती. आई फोनवर, आणि तीही रात्री दमून आलेली. आठ दिवस ती कॉलेजला गेलीच नाही. घरात कुणाला काही बोललीही नाही.

हे कळलं ते गटाच्या बैठकीत. तिची आजी गटाची सभासद. बचत भरायला आली आणि सहज बोलून गेली, ‘पोरगी आताशा जातच नाही, गप्प गप्प असते.’ गटातल्या दोघी जणी दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन कॉलेजात गेल्या. वर्गशिक्षकांना भेटल्या. घरची परिस्थिती सांगितली. सर म्हणाले, ‘अर्ज द्या, पालक ऊसतोडीला गेल्याचं ग्रामपंचायतीचं पत्र जोडा, बुडालेली प्रात्यक्षिकं भरून काढा, मग बघू.’ अर्ज दिला, पत्र जोडलं. मुलगी परीक्षेला बसली. दोन विषय राहिले. ते तिनं पुढच्या वेळी काढले. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे.

या सगळ्याला खर्च किती आला? दोघींचं एसटीचं तिकीट, तेही अर्धं, कारण मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मं तिकीट आहे. आणि अर्ध्या दिवसाची रोजंदारी. एवढ्यावर एका मुलीचं वर्ष वाचलं. दुसरं काही मोठं केलेलं नव्हतं. कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी सोबत गेलं, इतकंच.

आपली पंचसूत्री कॉलेजलाही लावा

गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेलं दप्तर. या पाच सवयींवर आपले गट टिकले. मुली कॉलेजात टिकवायच्या तर अशाच पाच सवयी लागतात. आम्ही काही गटांमध्ये त्या लावून बघतोय. एकेक सांगतो.

पहिली सवय, विचारपूस. बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं काढायची. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलं-मुली आहेत, त्यांना तीनच प्रश्न विचारायचे. या आठवड्यात किती दिवस गेली? परीक्षा किंवा फॉर्मची कुठली तारीख जवळ आहे? आणि काही अडलंय का? उत्तर दप्तराच्या मागच्या पानावर लिहायचं. सलग दोन आठवडे ‘दोनच दिवस गेली’ असं आलं, की कुणीतरी घरी जाऊन मुलीशी बोलायचं. आईशी नाही, मुलीशी. आणि झडती घ्यायची नाही. ‘का गं गेली नाहीस?’ म्हटलं की ती गप्प बसते. ‘काय अडलंय, आम्ही काय करू?’ म्हटलं की बोलते.

दुसरी सवय, कागदाची पिशवी. आपल्याकडे मुलीचं शिक्षण जेवढं पैशांवाचून अडतं, तेवढंच कागदावाचून अडतं. प्रत्येक मुलीची एक प्लॅस्टिकची फाइल करा. त्यात दहावी-बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर, आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. मुलगी इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा व्यावसायिक शिक्षणाकडे जाणार असेल, तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करून ठेवा. निकाल लागल्यावर धावपळ केली तर वेळेत हातात पडत नाही आणि जागा जाते.

आणि मूळ कागद कॉलेजात अडकवून ठेवू देऊ नका. तपासून परत द्यायचे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. प्रवेश रद्द केला तर मुदतीनुसार फी परत मिळण्याचाही नियम त्याच वेळी आला. ‘फी बाकी आहे, दाखला देणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. लेखी मागितलं की बोलण्याची भाषा बदलते, हा आपला बँकेतला अनुभव आहेच.

तिसरी सवय, शिष्यवृत्तीची राखण. ‘फॉर्म भरलाय’ यावर कुणी समाधान मानू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरला जातो, मग तो कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग पुढे संबंधित विभागाकडे. वाटेत कुठेही त्रुटी निघाली की अर्ज परत मुलीच्या खात्यावर येऊन पडून राहतो. आठ-पंधरा दिवसांनी उघडून बघितलं नाही तर मुदत निघून जाते. दुसरं म्हणजे, एकदा भरला की तिन्ही वर्षं चालतो, असं नाही. दरवर्षी नूतनीकरण करायला लागतं. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि दुसऱ्या वर्षी कुणी नूतनीकरणच केलं नाही, असं फार घडतं. तिसरी गोष्ट बँकेची. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर येतात. मुलीच्या नावावर दोन-तीन खाती असतात, आधार जुन्याच खात्याला जोडलेलं असतं, आणि ते खातं बंद पडलेलं असतं. आपल्या बँक सखीला सांगा, एका भेटीत ती तपासून देईल.

आता कुठल्या योजना आहेत ते थोडक्यात सांगतो, कागद-पेन असेल तर लिहून घ्या. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या योजना आहेतच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर राहण्या-खाण्यासाठी पैसे देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना, इतर मागास, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, मुदती वेगळ्या. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात एकदा चार-पाच जणींनी मिळून जा आणि यादी करून घेऊन या. एकटी गेली की ‘उद्या या’, पाच जणी गेल्या की ‘बसा ताई’.

फी माफ झाली तरी खर्च उरतोच

चौथी सवय पैशांची. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असं घरातल्या पुरुषांना वाटतं. पण मुलगी कॉलेज सोडते ती बहुधा मोठ्या फीपायी नाही. पास, झेरॉक्स, प्रयोगवही, परीक्षेचा फॉर्म, मोबाइलचा रिचार्ज, महिन्याचे पॅड, दुपारचा एक वडापाव, या बारीक पैशांपायी ती मागे राहते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. कॉलेजला गेली की पासाचे पैसे सुरू होतात. सवलत आहे, पण ज्या घरात महिन्याचा किराणा उधार येतो, तिथं तेवढेही एक तारखेला नसतात. मग ‘पुढच्या सोमवारी काढू पास’ असं म्हणता म्हणता पंधरा दिवस जातात.

शिष्यवृत्ती येते, पण उशिरा येते. खर्च जुलैत असतो. पैसे कधी मार्चमध्ये, कधी पुढच्या वर्षी. ही मधली दरी भरायची कशी? इथं आपला गट कामाला येतो. काही गटांनी कॉलेज निधी वेगळा काढलाय. हिशेब सोपा आहे. समजा गटात दहा जणी आहेत आणि प्रत्येकीनं आठवड्याला २० रुपये जास्तीचे टाकले. आठवड्याचे २०० झाले. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १०,४०० रुपये. यातून पास, परीक्षा फॉर्म, वह्या यासाठी छोटं कर्ज द्यायचं, व्याज नेहमीपेक्षा कमी ठेवायचं, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की परतफेड. सगळ्यांच्या सहमतीनं ठराव लिहा, म्हणजे पुढे कुरबुर नको. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं कुणी नाही त्यांनी का भरावं, असं एखादी विचारेल. विचारू द्या. तिला सांगा की पैसा तिच्याच नावावर राहतो, व्याजही मिळतं, आणि उद्या तिची नात असेल.

एक कळकळीची विनंती. मुलीच्या फीसाठी आठवड्याच्या हप्त्याचं फायनान्सचं कर्ज काढू नका. शिक्षणाचं फळ तीन-चार वर्षांनी मिळतं आणि हप्ता पुढच्या मंगळवारी दारात उभा राहतो. हप्ता चुकायला लागला की पहिला घाव कॉलेजवरच पडतो. मोठी रक्कम लागणार असेल तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. त्यात साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि शिक्षण संपल्यावर वर्षभरानं परतफेड सुरू होते. अर्ज विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर करता येतो. काही कॉलेजांत कमवा आणि शिका योजना असते. वाचनालयात, कार्यालयात किंवा बागेत काही तास काम करायचं आणि त्याचे पैसे मिळतात. मुलीला त्याची लाज वाटू देऊ नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती याच तत्त्वावर उभी राहिली. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांनी बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास जावा म्हणून अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दिलं. आपण तर आपल्याच गावातल्या पोरींसाठी आठवड्याला वीस रुपये म्हणतोय.

घरातले दोन तास

पाचवी सवय सगळ्यात अवघड, कारण ती घराच्या आतली आहे. मुलगी कॉलेजातून येते तेव्हा सॅक ठेवून थेट चुलीकडे जाते. मुलगा येतो तेव्हा विचारतो, ‘जेवायला काय आहे?’ मुलीला अभ्यासाला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर, आणि तेव्हा लाइट तरी जाते नाही तर डोळे मिटतात. रोज दोन तास मुलीचे अभ्यासाचे, त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, एवढं ठरवा. भाकरी आपण थापू. पाणी भाऊ आणेल. त्याच्या हाताला काही होत नाही. घरात जागा नसेल तर अंगणवाडीची खोली, समाजमंदिर, ग्रामसंघाचं कार्यालय संध्याकाळी उघडून द्या. चार मुली एकत्र बसल्या की एकमेकींना शिकवतात, आणि एकीनं जायचं टाळलं तर उरलेल्या तिघी तिला ओढून नेतात.

एटीकेटी म्हणजे नापास नव्हे

आता एक शब्द सगळ्यांनी समजून घ्या, कारण या एका शब्दामुळे कितीतरी लग्नं ठरली आहेत. एटीकेटी. निकालात एटीकेटी लिहून आलं की घरात रडारड. वडील म्हणतात, ‘नापास झाली, बास झालं आता, स्थळ बघू.’ एटीकेटीचा अर्थ असा की एक-दोन विषय राहिले आहेत, तरी पुढच्या वर्गात जायला परवानगी आहे, राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत द्यायचे. किती विषय राहिलेले चालतात, हे अभ्यासक्रम आणि विद्यापीठाप्रमाणे ठरतं, ते कॉलेजात विचारून घ्या. उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, फेरतपासणीचा अर्ज करता येतो, पण त्याला मुदत असते.

जी मुलगी बारावीपर्यंत मराठीतून शिकली, तिला कॉलेजात रसायनशास्त्राचं इंग्रजी पुस्तक हातात मिळतं. पहिल्या सत्रात ती गडबडणारच. आपणही पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा स्लिप उलटी भरली होती. म्हणून बँकेत जायचं सोडलं का? पहिल्या सत्राचा निकाल हा मुलीच्या अकलेचा निकाल नसतो. तो नव्या जागेची सवय होण्याचा काळ असतो. त्या काळात घर तिच्या पाठीशी राहिलं तर ती सावरते. वर्गात एक तरी मोठ्या वर्गातली ताई गाठून द्या, जी नोट्स देईल आणि कुठल्या सरांना काय विचारायचं ते सांगेल. आपल्याच गावची जुनी विद्यार्थिनी असेल तर उत्तम.

त्रास देणारा मोकळा, मुलगी घरात

आणखी एक कारण आहे, ज्यावर बैठकीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. गाडीत, स्टँडवर, कॉलेजच्या रस्त्यावर कुणी पोरगा मागे लागतो. किंवा मोबाइलवर कुणाचा मेसेज येतो. घरी कळलं की काय होतं? पोरगा गावभर फिरतो आणि पोरीचं कॉलेज बंद. फोन काढून घेतात. म्हणून मुली सांगतच नाहीत. त्यांना ठाऊक असतं की सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच.

आपण आयांनी मुलीला आधीच शब्द द्यायला हवा: ‘काही झालं तरी सांग, तुझं कॉलेज बंद होणार नाही.’ हे वाक्य लग्नाआधी द्यायच्या सगळ्या दागिन्यांपेक्षा मोलाचं आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायला लागते. तिथं लेखी तक्रार करता येते. तातडीची मदत हवी तर ११२ हा नंबर आहे. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२. आणि मुलगी गप्प गप्प, जेवत नाही, झोपत नाही, जिवाचं काही बोलते, असं दिसलं तर थट्टेवारी नेऊ नका. टेलिमानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतून बोलता येतं.

स्टँडवरच्या त्रासावर एक उपाय आपल्या हातात आहे. एका गावातून सहा मुली कॉलेजला जात असतील तर त्यांनी एकाच गाडीनं जायचं-यायचं. गाडी वेळेवर येत नसेल तर ग्रामसंघाच्या लेटरपॅडवर आगारप्रमुखांना निवेदन द्या. सह्या सगळ्या गटांच्या घ्या.

लग्न झालं तरी शिक्षण संपत नाही

एका गावातली मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेचा फॉर्म भरलेला. फेब्रुवारीत चांगलं स्थळ आलं, लगीनसराई तोंडावर, लग्न झालं. वय अठराच्या पुढचं, म्हणजे कायद्यानं हरकत नव्हती. परीक्षेच्या दिवशी ती सासरी पाहुण्यांना चहा करत होती. आज तिच्या कडेवर मूल आहे. आम्ही भेटलो तेव्हा ती म्हणाली, ‘माझी दोन वर्षं फुकट गेली.’

तिला आम्ही जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. दोन वर्षं फुकट गेलेली नसतात. उत्तीर्ण झालेल्या विषयांची गुणपत्रकं जपून ठेवायची, कॉलेजात जाऊन उरलेले विषय कधीपर्यंत देता येतील ते विचारायचं. आता नव्या शैक्षणिक धोरणात तर याची सोयच केलेली आहे. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात, आपल्या पासबुकात बचत राहते तसे. एक वर्ष पूर्ण करून थांबावं लागलं आणि सांगितलेला कौशल्याचा छोटा अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. थांबलेली मुलगी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करू शकते. म्हणून कॉलेज सोडायची वेळ आलीच, तर नुसतं घरी बसू नका. कॉलेजात जाऊन रीतसर विचारा, कागद हातात घ्या, मग बाहेर पडा. दार बंद करून येऊ नका, लोटून या.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय. घर, शेत, नोकरी सांभाळून शिकता येतं, अभ्यासकेंद्रं तालुक्यापर्यंत आहेत. आणि ही सोय फक्त सुनांसाठी नाही. गटातल्या ज्या ताईंची बारावी झालीय, त्यांनीही विचार करायला हरकत नाही.

आपल्या गटांमध्ये आईही आहे आणि सासूही आहे, बऱ्याचदा एकच बाई दोन्ही आहे. लेकीसाठी जे मागतो ते सुनेला द्यायला लागतं. सोयरीक ठरवताना मानपान, आहेर, हॉल सगळं बोलतो. त्याच बैठकीत ‘तिची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, ती माहेरी राहून देईल’ हेही बोला. पाच पंचांसमोर बोललेलं मोडायला जड जातं.

आणि आपले मुलगे

मुलगा कॉलेज सोडतो तेव्हा कुणी रडत नाही, उलट कौतुक होतं, ‘चाकणला कंपनीत लागला, दहा-बारा हजार पाठवतो.’ पण ते काम कंत्राटी असतं. सहा महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि पोरगा पारावर येऊन बसतो. तेव्हा हातात ना पदवी, ना कॉलेजातली जागा. पोराला कमवायला पाठवायचंच असेल तर निदान परीक्षा देऊन जाऊ द्या, किंवा मुक्त विद्यापीठात नाव घालून जाऊ द्या. घराला पैशांची गरज आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण आठ महिने आणखी थांबलो तर त्याची पदवी होते, हा हिशेबही त्याच कागदावर मांडायला हवा.

या आठवड्याच्या बैठकीत काय कराल?

शेवटी, फक्त ऐकून सोडू नका. या आठवड्याच्या बैठकीत तीन कामं करा. पहिलं, गावातून कॉलेजला जाणाऱ्या आणि गेल्या दोन वर्षांत थांबलेल्या सगळ्या मुला-मुलींची नावं एका पानावर लिहा. थांबलेल्यांची नावं विसरू नका, त्यांच्यातल्या काही जणी परत जाऊ शकतात. दुसरं, प्रत्येक नावापुढे गटातल्या एका बाईचं नाव लिहा. ती त्या मुलीची कॉलेजची मावशी. महिन्यातून एकदा विचारपूस तिनं करायची. तिसरं, तारखांचा एक कागद भिंतीवर लावा. जून-जुलै प्रवेश, त्यानंतर शिष्यवृत्ती, दिवाळीच्या आगेमागे पहिल्या सत्राची परीक्षा आणि कोयता जायची वेळ, एप्रिल-मे मध्ये दुसऱ्या सत्राची परीक्षा आणि लगीनसराई. कुठल्या महिन्यात कुणाचा पाय घसरायची भीती आहे, हे त्या कागदावर तुम्हालाच दिसेल.

दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. ज्या घरात मुलगी एकटी मागे राहणार आहे, त्या घराची भाकरी-पाणी कोण बघणार, आजीला दवाखान्यात कोण नेणार, हे आधी ठरवा. चार घरांनी आठवड्याचे दिवस वाटून घेतले तर त्या मुलीची साडेसातची गाडी चुकत नाही.

गट सुरू केला तेव्हा लोक म्हणायचे, ‘बायका काय पैसा सांभाळणार?’ आज बँकेचे साहेब आपल्या परतफेडीचं उदाहरण देतात. दहा रुपयांच्या बचतीपासून आपण इथवर आलो ते दर आठवड्याला न चुकता जमल्यामुळे. मुलींचं कॉलेजही असंच दर आठवड्याला बघायचं काम आहे. पेढे वाटायचेच असतील तर थोडे पदवीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

तुमच्या गटानं काय केलं ते आम्हाला कळवा, पुढच्या बैठकीत भेटूच.